आडात आहे, मग पोहऱ्यात का येत नाही?

‘आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार’ ही म्हण आपण मुलांच्या बाबतीत किती सहज वापरतो! गणितात गुण कमी पडले, गाण्यात सूर लागला नाही, की ही म्हण तयारच असते. ‘खाण तशी माती’ ही तिचीच बहीण. थट्टेत या म्हणी चालून जातात. परंतु घरातले तान्हे मूल मान धरीनासे झाले, चालता-बोलता मुलगा वारंवार पडू लागला किंवा चाळिशीच्या माणसाचे हातपाय आपोआप हलू लागले, म्हणजे त्याच म्हणी शस्त्रासारख्या वापरल्या जातात आणि पहिला घाव बहुधा आईवर पडतो. ‘हिच्या माहेरातच काहीतरी खोट असणार’ असे म्हणणारे चार जण लगेच निघतात. मग कोणी करणी काढते, कोणी सौंदत्तीच्या यल्लम्माला नवस बोलते, कोणी मुलाला पाहुण्यांसमोर आणणेच बंद करते. डॉक्टरांकडे जायला उशीर होतो आणि धाकट्या भावंडाच्या वेळीही कोणी काही विचारत नाही.

म्हणून या वेळी आम्ही आनुवंशिक मज्जाविकारांविषयी लिहायचे ठरवले आहे. विषय अवघड आहे, पण आमच्या दहावीच्या विद्यार्थ्यांना मेंडेलचे वाटाणे पाठ असतात. तीनास एक हे प्रमाण ते एसएसएलसीच्या पेपरात बिनचूक लिहितात. तेच प्रमाण आपल्या घरातही लागू असते, हे मात्र आपण त्यांना सांगत नाही. धड्याचे हे उरलेले पान पालकांनीही वाचावे, अशी आमची विनंती आहे.

प्रथम थोडे शास्त्र पाहू. आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत तीच ती जनुके असतात. प्रथिने बनवण्याची माहिती असलेली जनुके सुमारे २०,००० आहेत. यकृताच्या पेशीत जी आहेत तीच मज्जापेशीत आहेत. मग यकृत यकृतासारखे आणि मेंदू मेंदूसारखा का वागतो? कारण प्रत्येक पेशीत सगळी जनुके एकाच वेळी, सारख्याच प्रमाणात कामाला लागत नाहीत. कोणते जनुक कोठे, केव्हा आणि किती काम करते याला जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. हे समजायला आपल्याकडचे उदाहरण घेऊ. जमिनीचा मूळ दस्त कचेरीत असतो. आपल्या हाती मिळते ती नक्कल, आणि बँकेत किंवा कोर्टात काम होते ते त्या नकलेवर. पेशीतही असेच आहे. मूळ दस्त म्हणजे डीएनएमधील जनुक, नक्कल म्हणजे आरएनए आणि त्या नकलेवरून होणारे काम म्हणजे प्रथिन. दस्त फाटला तर काम अडते हे उघडच आहे. पण दस्त चांगला असूनही नक्कल उतरवताना एक ओळ गळली, तरीही काम अडते.

स्पायनल मस्क्युलर ॲट्रोफी, थोडक्यात एसएमए, हा आजार या दृष्टीने समजून घेण्यासारखा आहे. यात पाठीच्या कण्यातील, स्नायूंना हुकूम देणाऱ्या मज्जापेशी हळूहळू मरतात. बुद्धी शाबूत राहते, हसणे-बोलणे कळते, पण स्नायू दुबळे होत जातात. त्याच्या सर्वांत तीव्र प्रकारात बाळाला बसता येत नाही, गिळणे आणि श्वास घेणे अवघड होते आणि उपचार नसतील तर बहुतेक बाळे दोन वर्षांची होण्याआधीच दगावतात. सौम्य प्रकारात मूल चालायला लागते आणि पुढे शाळकरी वयात वा त्यानंतर पाय साथ सोडू लागतात. जगात साधारण १०,००० जन्मांमागे एका बाळाला हा आजार होतो.

या आजाराचे पहिले वर्णन व्हिएन्नाच्या गिडो वेर्डनिग यांनी १८९१ साली केले. त्याचे कारण असलेले जनुक सापडायला १९९५ साल उजाडले. पॅरिसच्या ज्युडिथ मेल्की यांच्या गटाने पाचव्या गुणसूत्रावर ते शोधले. त्याचे नाव एसएमएन-१. या रुग्णांत हे जनुक गळालेले किंवा बिघडलेले असते, आणि त्यामुळे मज्जापेशींना अत्यावश्यक असलेले एक प्रथिन पुरेसे बनत नाही. पण त्याच शोधात आणखी एक गोष्ट लक्षात आली. माणसाच्या पेशीत या जनुकाचे जवळजवळ हुबेहूब जुळे भावंड असते, एसएमएन-२. रुग्णांमध्ये हे भावंड हजर असते. मग ते पडलेले काम का उचलत नाही?

याचे उत्तर अभिव्यक्तीच्या अभ्यासातून मिळाले. दोन्ही जनुकांत महत्त्वाचा फरक फक्त एका अक्षराचा आहे. त्या एका अक्षरामुळे एसएमएन-२ ची नक्कल तयार होताना सातवा तुकडा बहुतेक वेळा गळतो. दहा नकला उतरल्या तर साधारण एकच पुरी उतरते. बाकीच्यांपासून बनणारे प्रथिन टिकत नाही. म्हणजे आडात पाणी आहे, पोहराही आत जातो, पण तो गळका आहे. ज्या मुलांत या भावंडाच्या प्रती जास्त असतात, त्यांचा आजार सहसा सौम्य असतो, कारण गळके का होईना, पोहरे जास्त असतात. आमच्या म्हणीत ही शक्यता कोणी धरलीच नव्हती.

एकदा दोष कोठे आहे हे कळल्यावर शास्त्रज्ञांनी पोहऱ्याचे भोक बुजवायला घेतले. २००६ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स येथे रवींद्र सिंह व त्यांच्या सहकाऱ्यांनी नकलेत अशी एक छोटी जागा दाखवली की ती झाकली तर सातवा तुकडा गळत नाही. कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील एड्रियन क्रेनर यांच्या गटाने औषध कंपनीच्या साहाय्याने नेमकी ती जागा झाकणारा रेणू विकसित केला. त्याचे नाव न्यूसिनर्सेन. ते पाठीच्या कण्यातून द्यावे लागते. डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. मे २०१९ मध्ये विषाणूच्या पाठीवरून चांगले एसएमएन-१ जनुक पेशीत पोचवणारे एकदाच द्यायचे औषध आले, आणि ऑगस्ट २०२० मध्ये तोंडाने घेण्याचे रिस्डिप्लाम. विद्यार्थी मित्रांनो, हिशेब करून पाहा. वर्णनापासून जनुकापर्यंत १०४ वर्षे लागली, आणि जनुकापासून पहिल्या औषधापर्यंत २१. ही औषधे मेलेल्या मज्जापेशी परत आणत नाहीत. जे शिल्लक आहे ते ती वाचवतात. म्हणून लक्षणे दिसण्याआधीच औषध मिळालेली बाळे पुष्कळदा बसली आणि चालली, तर उशिरा मिळालेल्यांना तेवढा लाभ झाला नाही. येथे आठवडे मोलाचे असतात. काही देशांत प्रत्येक नवजात बाळाच्या रक्ताच्या थेंबावरून ही तपासणी होते. आपल्याकडे ती सरसकट होत नाही. म्हणून आईबापांचे व आजीचे डोळे हीच आपली पहिली तपासणी आहे. बाळ फार ढिले वाटते, मान धरीत नाही, रडण्यात जोर नाही, पाय उचलीत नाही असे दिसले तर ‘बाळसे धरल्यावर होईल ठीक’ असे म्हणत थांबू नये.

आता पैशाची बाजू. २०२१ च्या फेब्रुवारीत मुंबईतील एका चिमुरडीसाठी लोकवर्गणीतून सुमारे १६ कोटी रुपये जमले, केंद्र सरकारने सुमारे ६ कोटींचा कर माफ केला आणि तिला ते जनुकीय औषध मिळाले. वर्तमानपत्रांतून ही बातमी आपण सर्वांनी वाचली. त्याच वर्षी पुणे परिसरातील एका बालिकेलाही ते मिळाले, पण काही आठवड्यांतच ती गेली. लोकांची माया मोठी आहे यात शंका नाही. परंतु एका मुलासाठी १६ कोटी जमतात आणि दुसऱ्यासाठी सोळा हजारही जमत नाहीत, कारण त्याच्या आईबापांना आवाहन करता येत नाही, ही व्यवस्था नव्हे. मार्च २०२१ मध्ये केंद्राचे दुर्मिळ आजारांचे राष्ट्रीय धोरण आले. मदतीची मर्यादा २०२२ साली ५० लाखांपर्यंत वाढवण्यात आली. आयुष्यभर घ्यावयाच्या औषधाला ५० लाख किती दिवस पुरणार, हा प्रश्न उरलाच. ऑक्टोबर २०२५ मध्ये मात्र दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने भारतीय कंपनीला रिस्डिप्लाम बनवण्यापासून रोखण्यास नकार दिला. ज्या बाटलीला सुमारे ६ लाख रुपये पडत, तिचा देशी पर्याय १५,९०० रुपये किमतीला जाहीर झाला. तंबाखूच्या वखारीत किंवा विडीवर पोट असणाऱ्या घराला हीही रक्कम जडच आहे, पण सहा लाखांपुढे हात टेकणारा माणूस या रकमेपुढे निदान विचार करू शकतो. औषध तेच, रेणू तोच. तेव्हा आजाराचा खर्च फक्त प्रयोगशाळेत ठरत नाही, तो कायद्यात आणि धोरणातही ठरतो. आमच्या मुलांपैकी काहींनी पुढे वकील आणि अधिकारी व्हावे, असे आम्ही म्हणतो त्याचे हेही एक कारण आहे.

त्या राष्ट्रीय धोरणाखाली नेमलेली विशेष केंद्रे आपल्याला जवळची अशी दोन आहेत. एक मुंबईचे केईएम रुग्णालय आणि दुसरे बेंगळुरूचे सेंटर फॉर ह्युमन जेनेटिक्स, इंदिरा गांधी बाल आरोग्य संस्थेसह. बेळगावहून दोन्ही साधारण ५०० किलोमीटर. मज्जाविकारांसाठी बेंगळुरूला निम्हान्सही आहे. सीमाभागातला माणूस या बाबतीत दोन्ही घरचा पाहुणा आहे. ज्याला जिकडची भाषा, जिकडचे नातेवाईक आणि जिकडची गाडी सोयीची, त्याने तिकडे जावे. राज्य आणि भाषेचा आमचा वाद आमच्या ठिकाणी आहे आणि राहील. आजारी मुलाला त्यात धरू नये.

आता नाजूक मुद्द्याकडे वळतो. एसएमए होण्यासाठी आई आणि बाप दोघांकडूनही बिघडलेली प्रत यावी लागते. एकच प्रत बिघडलेली असेल तर माणूस ठणठणीत असतो. त्याला वाहक म्हणतात. साधारण ५० माणसांत एक जण वाहक असतो. म्हणजे शाळेच्या एका वर्गात एखादा वाहक सहज सापडेल, आणि तो गुरुजींपैकी कोणी असला तरी नवल नाही. तेव्हा सुनेच्या माहेरावर बोट दाखवणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे की दोष असेल तर तो दोन्ही घरांत सारखाच आहे, आणि खरे पाहता तो दोष कोणाचाच नाही.

आपल्या भागात मामाची मुलगी करण्याची रीत जुनी आहे. शेजारच्या कन्नड समाजात मामा-भाचीचे लग्नही होते, आणि सीमाभागात रीती इकडून तिकडे जातातच. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात कर्नाटकात चारांपैकी सुमारे एका स्त्रीचे लग्न नात्यात झालेले आढळले. देशात हे प्रमाण दहात साधारण एक आहे. अशा लग्नांमागे कारणे आहेत, आणि ती मूर्खपणाची नाहीत. मुलगी ओळखीच्या घरात पडते, देण्याघेण्याचा प्रश्न येत नाही, शेताची वाटणी टळते, आत्या सासू असली की पोरीला माया मिळते. कायदाही, रीत असेल तेथे, आड येत नाही. आम्ही येथे कोणाची रीत मोडायला बसलेलो नाही. पण गणित टाळता येत नाही.

समजा एक व्यक्ती वाहक आहे. तिचे लग्न परक्या घरात झाले तर जोडीदारही वाहक निघण्याची शक्यता साधारण ५० मध्ये १. आतेभाऊ-मामेबहिणीचे लग्न असेल तर ८ मध्ये १. मामा-भाचीचे असेल तर ४ मध्ये १. जोडीदारही वाहक असेल तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी असण्याची शक्यता ४ मध्ये १. आता गुणाकार करा. परक्या घरात २०० मध्ये १, आतेमामे भावंडांत ३२ मध्ये १, मामा-भाचीत १६ मध्ये १. ‘आमच्या घरात चार पिढ्या नात्यातच लग्ने झाली, काही झाले नाही’ असे सांगणारे खोटे बोलत नाहीत. ज्यांच्या घरात झाले, ते बोलत नाहीत, एवढेच.

यावर उपाय आहे आणि तो सोपा आहे. वाहक आहे की नाही हे रक्ताच्या तपासणीत कळते. खर्च काही हजार रुपयांचा आहे. मांडवाच्या खर्चात तो शोधूनही सापडणार नाही. घराण्यात असा आजार झालेला असेल किंवा लग्न नात्यात ठरत असेल, तर दोघांनी ही तपासणी करून घ्यावी. दोघे वाहक निघाले तर सोयरीक मोडलीच पाहिजे असे नाही. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत गर्भाची तपासणी होऊ शकते. आनुवंशिक आजारासाठी अशी तपासणी नोंदणीकृत केंद्रात करण्यास १९९४ च्या कायद्याने परवानगी आहे. मुलगा की मुलगी हे विचारणे व सांगणे मात्र गुन्हा आहे आणि तो गुन्हाच राहिला पाहिजे. पत्रिकेचे छत्तीस गुण जुळवताना आपण शरमत नाही, मग डॉक्टरांचा एक कागद पाहताना का शरमावे?

येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. सगळे आनुवंशिक मज्जाविकार एसएमएसारखे नसतात. हंटिंग्टनच्या आजारात आई किंवा बाप यांपैकी एकाकडून आलेली बिघडलेली प्रत पुरते, आणि प्रत्येक मुलाला धोका दोनात एक असतो. लक्षणे बहुधा तिशी-चाळिशीनंतर दिसतात, तोवर त्या माणसाची मुले शाळेत जाऊ लागलेली असतात. त्याचे जनुक १९९३ साली सापडले. व्हेनेझुएलातील माराकाईबो सरोवराकाठची, हा आजार पिढ्यान्‌पिढ्या असलेली कुटुंबे नॅन्सी वेक्स्लर व त्यांच्या सहकाऱ्यांबरोबर उभी राहिली म्हणून ते शक्य झाले. येथे अडचण उलटी आहे. पोहरा गळका नाही, पाणीच दूषित आहे. म्हणून या जनुकाची अभिव्यक्ती कमी करण्याचे प्रयत्न चालू आहेत. अशा एका औषधाची मोठी चाचणी मार्च २०२१ मध्ये थांबवावी लागली. म्हणजे प्रत्येक संशोधन औषधापर्यंत पोचतेच असे नाही, आणि पोचले नाही म्हणून ते वाया गेले असेही नाही. अशा आजारांत, पुढे प्रौढपणी उद्भवणाऱ्या गोष्टीसाठी, लहान मुलांची तपासणी करू नये असाच जाणकार डॉक्टरांचा सल्ला असतो. मोठे झाल्यावर जाणून घ्यायचे की नाही, हा त्या मुलाचा हक्क आहे. आणि ‘जनुक दुरुस्त करून देतो’, ‘मूळ पेशींनी बरे करतो’ अशा जाहिराती करणाऱ्यांकडे शेत गहाण ठेवून जाऊ नये, हेही आम्ही हात जोडून सांगतो.

शेवटी आपल्या शाळेपुरत्या तीन गोष्टी.

पहिली विश्वस्त मंडळासाठी. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला. त्यात स्नायू व मज्जासंस्थेच्या दीर्घ आजारांचा समावेश आहे. चाकाच्या खुर्चीतले मूल ज्या वर्गात असेल तो वर्ग तळमजल्यावर घ्यावा, दाराशी उतार असावा आणि एक स्वच्छतागृह त्याला वापरता येईल असे असावे. यासाठी नवी इमारत लागत नाही. वर्गांचे वाटप बदलले आणि थोडे सिमेंट आणले तरी काम भागते. एसएमए झालेल्या मुलाची बुद्धी उत्तम असते. ते शाळेत येत नाही ते बहुधा आपल्या जिन्यामुळे.

दुसरी शिक्षकांसाठी. वर्षातून एक दिवस बेळगावच्या वैद्यकीय महाविद्यालयातील जाणकार डॉक्टरांना बोलवावे आणि दहावीच्या मुलांना व त्यांच्या पालकांना एकत्र बसवून आनुवंशिकतेचा धडा मराठीत समजावून द्यावा. प्रश्न चिठ्ठीवर, नाव न लिहिता विचारता यावेत. लाजेखातर न विचारलेला प्रश्नच बहुधा सर्वांत महत्त्वाचा असतो.

तिसरी विद्यार्थ्यांसाठी. दिवाळीच्या सुट्टीत आजी-आजोबांजवळ बसा आणि आपल्या घराण्याचा तीन पिढ्यांचा तक्ता काढा. कोण कोणाचे, कोणाचे लग्न नात्यात झाले, कोण लहानपणी गेले, कोणाला कोणता आजार होता. हा तक्ता शाळेत आणायचा नाही, मित्राला दाखवायचा नाही आणि त्याला गुणही नाहीत. तो घरातच, रेशनकार्ड आणि उताऱ्यांबरोबर जपून ठेवायचा. एखाद्या दिवशी तुम्ही डॉक्टरांसमोर बसाल आणि ते ‘घरात कोणाला असे झाले होते का?’ असे विचारतील. तेव्हा ‘माहीत नाही’ असे उत्तर देण्याची वेळ तुमच्यावर येऊ नये.

ज्यांच्या घरी असे मूल आहे त्या पालकांना आमचे एवढेच सांगणे आहे की त्याला लपवू नका. त्याला शाळेत पाठवा. बाकांची हलवाहलव आम्ही करू.